‘पण खरंच आहे ते!’



या वेळचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. कामाच्या ठिकाणी चालणाऱ्या चहाड्या आणि कुजबूज, ज्याला आपल्या मुली सरळ ‘गॉसिप’ म्हणतात, त्यावर लिही असं मला तिघींनी सांगितलं. दोघी नोकरी करणाऱ्या आणि एक नोकरी करणाऱ्या सुनेची सासू. चौथीने मात्र विचारलं, तू कधी नोकरी केली नाहीस, तू यावर काय लिहिणार?

प्रश्न बरोबर आहे. मी १९८० साली बी.कॉम. झाले आणि पुढच्याच वर्षी लग्न होऊन या घरात आले. पण आमचं घर म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडत दुकान. जवळजवळ तीस वर्षं आठवड्यातले तीन दिवस मी दुकानात बसून रोजकीर्द आणि खातेवही बघितली. दिवाणजी, कारकून, हमाल, टेम्पोवाला, एवढ्या माणसांची जिथे रोज ऊठबस होते ती कामाची जागाच की! आपल्यातल्या कितीतरी जणी अशाच दुकानांच्या, यंत्रमागांच्या, छोट्या कारखान्यांच्या घरांतल्या आहेत. कुजबूज करणारे कोण आणि जिच्यावर कुजबूज होते ते घर कुठलं, दोन्ही आपण जवळून बघतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवते. बायका जमल्या की चहाड्या होणारच, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आणि मला ते कधी पटलं नाही. यार्डात सौदे संपल्यावर चहाच्या टपरीवर जे चालतं ते ऐकावं एकदा. कोणाची हुंडी परत गेली, कोणाचा मुलगा वेगळा निघाला, कोणी कोणाला किती टोपी घातली. तिथे एकही बाई नसते. अमेरिकेत २०१९ साली याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४६७ माणसांच्या अंगावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र लावून ती दिवसभरात काय बोलतात त्याचे तुकडे टिपलेले होते. समोर नसलेल्या माणसाबद्दल माणूस दिवसाला सरासरी ५२ मिनिटं बोलतो, असं निघालं. त्यातलं तीन चतुर्थांश बोलणं ना चांगलं ना वाईट, नुसती माहिती. आणि वाईट बोलण्यात बायका पुरुषांच्या पुढे नव्हत्या. ‘गॉसिप’ या शब्दाचा मूळ अर्थही वाईट नव्हता बरं का. जुन्या इंग्रजीत तो धर्माच्या नात्याने जोडलेल्या माणसाला म्हणत, आणि पुढे बाळंतपणाला सोबत करणाऱ्या मैत्रिणींना. तिथून तो घसरत घसरत आजच्या जागी आला.

तर मग कामाच्या ठिकाणी हे एवढं का चालतं?

मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते आपल्या हिशेबाच्या भाषेत सांगते. तेरीज लागली नाही, दोन्ही बाजूंत काही शेकड्यांचा फरक राहिला आणि चूक सापडेना, की आपण तो फरक तात्पुरता उचंत खात्यात टाकतो. सस्पेन्स अकाउंट. खातं बंद करायचं तर खरी नोंद सापडावी लागते. कामाच्या ठिकाणी माणसांच्या मनात असंच एक उचंत खातं असतं. साहेब दोन दिवस केबिनचं दार लावून बसले, एक खुर्ची अचानक रिकामी झाली, कोणाला तरी वरच्या जागेवर घेतलं. कारण कोणी सांगत नाही. मग माणसं ती रिकामी जागा स्वतःच्या अंदाजाने भरतात, आणि अंदाज नेहमी भीतीच्या बाजूला झुकलेला असतो.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं सूत्र माझ्यासारख्या कॉमर्सवालीला लगेच कळलं. अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतला अंधुकपणा. लक्षात घ्या, बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींतलं एक शून्य झालं की उत्तर शून्य. माणसाला आपली नोकरी महत्त्वाची वाटणारच, ते आपण शून्य करू शकत नाही. अंधुकपणा मात्र कमी करता येतो, आणि तो करणं मालकाच्या हातात असतं.

२०२० च्या लॉकडाऊनमधलं सांगते. यार्ड बंद, चालू, पुन्हा बंद असं चाललं होतं. आमचे हे आणि मुलगा रोज संध्याकाळी दार लावून हिशेब करत बसायचे. चौथ्या दिवशी दुकानात पसरलं, की मालक दोघांना काढणार. कोणाला, तेही ठरून गेलं होतं! ज्याचं नाव घेतलं जात होतं तो कारकून दुसरीकडे काम शोधायला लागला आणि बाकीचे त्याच्याशी बोलताना नजर चुकवायला लागले. दिवाणजी जुना माणूस. त्याने येऊन सरळ सांगितलं, मालक, काय असेल ते बोलून टाका, नाहीतर तुम्ही कोणाला काढायच्या आधीच दुकान रिकामं होईल. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना समोर बसवून यांनी आकडे सांगितले. आवक इतकी, येणं इतकं अडकलंय, दोन महिने अर्धा पगार मिळेल, राहिलेला अर्धा दिवाळीपर्यंत देऊ, कोणाला काढणार नाही. अर्धा पगार ही काही आनंदाची बातमी नव्हती. तरी कुजबूज त्या दिवशी थांबली. वाईट बातमी माणसं पचवतात. अर्धी बातमी कोणालाच पचत नाही.

दुसरं कारण अन्याय, किंवा अन्याय वाटणं. बोनस बंद पाकिटात देण्याची रीत आपल्याकडे फार. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं पाकीट जाड आहे. आमच्याकडे आता नियमच ठरवून टाकला आहे. वर्षाला एक पगार, आणि पाच वर्षं झाली की त्यावर ठरलेली रक्कम. भिंतीवर कागद लावलेला आहे. माझी सून पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती म्हणते, आई, आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये अप्रेझलच्या दिवसांत पँट्रीत पाय ठेववत नाही. कोणाला किती वाढ मिळाली हे गुप्त, का मिळाली हेही गुप्त. मग जिला जास्त मिळाली तिच्या कामाबद्दल कोणी बोलत नाही, तिच्या हसण्याबद्दल बोलतात.

इथे मला तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय आठवतो. दशलक्षणात आपण रोज एक अध्याय ऐकतो. सहाव्यात नीच गोत्राचा बंध कशाने होतो ते सांगितलं आहे. परनिंदा आणि आत्मप्रशंसा हे आपल्याला पाठ असतं. त्याच्या पुढचं आपण घाईत सोडतो. दुसऱ्याचे असलेले गुण झाकणं आणि आपले नसलेले गुण दाखवणं. अप्रेझलच्या पँट्रीत दुसरं काय चालतं? तिने रात्री जागून केलेलं काम झाकायचं आणि आपलं न केलेलं काम मांडायचं. ती वाईट आहे असं म्हणावंही लागत नाही. तिचं चांगलं तेवढं वगळलं की पुरतं.

तिसरं कारण एकटेपणाचं आहे, आणि ते आपल्या मुलींना जास्त लागू पडतं. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. ऑफिसची पार्टी रात्री नऊला. डबा वेगळा, वेळ वेगळी, चेष्टा ठरलेली. नव्या ठिकाणी लागलेल्या मुलीला गटात शिरायला काहीतरी लागतंच. जेवणात ती सामील होऊ शकत नाही, मग बोलण्यात होते. आणि बोलण्यात सामील व्हायची सगळ्यात स्वस्त फी म्हणजे तिसरीबद्दलची एखादी बातमी. ‘अगं तुला कळलं का’ म्हटलं की चार खुर्च्या सरकून जागा होते. हे त्या मुलींच्या वाईटपणातून येत नाही, म्हणून त्यांना रागावून काही होत नाही. माझी सून पहिल्या वर्षी डब्यात चार दशम्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी जास्तीची न्यायची. तिला गटात जागा त्या चटणीने मिळाली. मी दर पंधरा दिवसांनी किलोभर चटणी कुटून पाठवत होते, त्याचं मला अजून कौतुक वाटतं, तिचंही आणि माझंही!

आता जे लिहायचं होतं ते.

आमच्या नात्यातली एक मुलगी. एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागली. नोकरी करत करत अभ्यास करून जी.डी.सी. अँड ए. झाली. परीक्षा सोपी नाही, आपल्यातल्या ज्यांनी दिली आहे त्यांना माहीत आहे. त्या जोरावर तिला दोन जुन्या माणसांच्या आधी बढती मिळाली. बढती का मिळाली हे संस्थेने कोणाला सांगितलं नाही. उचंत खातं उघडलं. मार्चअखेरीला उशिरापर्यंत काम चालायचं, तेव्हा मॅनेजर आपल्या गाडीतून तिला आणि आणखी दोघांना सोडायचे. त्या दोघांबद्दल कोणी काही बोललं नाही. तिच्याबद्दल बोललं गेलं.

ऑफिसात हे बोलणं ऑफिसातच राहिलं असतं तर तिने कदाचित सोसलं असतं. पुढच्या वर्षी तिला एक स्थळ आलं. शिकलेलं, निर्व्यसनी, आपल्यातलंच घर. मुलाच्या काकीच्या ओळखीची एक बाई त्याच पतसंस्थेत होती. काकीने फोन केला. पलीकडून उत्तर आलं, ‘मुलगी हुशार आहे, कामाला चांगली आहे. पण... जाऊ दे, आपण कशाला बोला.’

एवढंच. यात एकही खोटं वाक्य नाही. यात धड वाक्यच नाही. स्थळ मोडलं. कारण काय सांगितलं, तर पत्रिका जुळत नाही. खरं कारण मुलीच्या आईपर्यंत आठ महिन्यांनी पोचलं. त्या वेळी ती माझ्यापाशी बसून रडली नाही. तिने फक्त विचारलं, की वैनी, त्या ‘पण’च्या पुढे काय होतं? मला उत्तर देता आलं नाही. त्या मुलीने पुढच्याच महिन्यात राजीनामा दिला.

तो फोन कोणी केला, मैत्रिणींनो? पतसंस्थेतल्या माणसांनी नाही केला. तो आपल्यासारख्याच एका घरातून गेला. मुलीची चौकशी तिच्या ऑफिसात करायची ही आपल्या समाजात अगदी रुळलेली पद्धत आहे. व्यापारी घरातल्या आपण, आपल्याला हे कळायला हवं, की गिऱ्हाईक असलं की माल येतो. ऑफिसातल्या कुजबुजीला घराघरांत गिऱ्हाईक आहे. सून संध्याकाळी घरी आली की ‘काय गं, काय म्हणतात तुमच्या मॅडम, मिटलं का त्यांचं नवऱ्याशी?’ असं विचारणारी सासू आपल्यातच आहे. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत दुःश्रुती येते. नको ते ऐकणं. बोलणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्यालाही तिथे धरलं आहे.

यावर नेहमीचं उत्तर असतं, ‘पण खरंच आहे ते! मी काही मनाचं सांगत नाही.’ मला हे उत्तर सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ते देणारीचं मन अगदी स्वच्छ असतं. खोटं बोलले नाही, म्हणजे सत्याणुव्रत शाबूत. पण तसं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. कूटलेखक्रिया म्हणजे खोटे कागद, खोट्या नोंदी. न्यासापहार म्हणजे कोणी आपल्याकडे ठेव ठेवली आणि किती ठेवली ते विसरून कमी मागितली, तर ‘हो, तेवढीच होती’ म्हणून उरलेली गिळणं. हे दोन्ही आपल्याला गुन्हे म्हणून लगेच कळतात, आपली घरंच वह्यांवर चालतात. आता उरलेले बघा. रहोभ्याख्यान म्हणजे स्त्री-पुरुषांनी एकांतात केलेलं उघड करणं. साकारमंत्रभेद म्हणजे कोणाच्या चेहऱ्यावरून, भुवईच्या हालचालीवरून मनातलं ओळखायचं आणि मत्सराने ते बाहेर फोडायचं. दोन्हींत सांगितलेली गोष्ट खरी असू शकते. तरी ते सत्यव्रताचेच दोष आहेत आणि खोटी वही लिहिण्याच्या ओळीत बसवलेले आहेत.

मला या मांडणीचं फार आश्चर्य वाटत आलं आहे. ज्यांनी हे सूत्र लिहिलं त्यांना पँट्री माहीत नव्हती, व्हॉट्सॲपचा ‘साहेब सोडून’ केलेला ग्रुप माहीत नव्हता. पण एखादी सहकारीण वारंवार रजा घेते, फोन आला की बाहेर जाते, डोळे सुजलेले दिसतात, यावरून चार जणी मिळून निष्कर्ष काढतात, त्याला साकारमंत्रभेदाइतका नेमका शब्द मला तरी आजच्या मराठीत सापडलेला नाही. आणि कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही सुद्धा ठेवच नाही का? हा अर्थ माझा आहे, टीकाकारांचा नाही. पण ठेव म्हणून बघितलं की ती मोडायला हात धजत नाही, एवढं खरं.

इथे एक शंका हमखास येते, आणि ती योग्य आहे. आपल्याकडे सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन सांगितलं आहे, दुसऱ्याचे दोष झाकणं. मग कामाच्या ठिकाणी कोणी वाईट वागत असेल, तेही झाकायचं? मुलींनी एकमेकींना सावध करायचं नाही?

करायचं. जिनेंद्रभक्त शेठांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. क्षुल्लकाचा वेष घेतलेल्या चोराने चैत्यालयातलं वैडूर्यरत्न पळवलं. पकडायला माणसं धावली, तेव्हा धर्माची निंदा होऊ नये म्हणून शेठ म्हणाले, रत्न मीच आणायला सांगितलं होतं. प्रवचनात गोष्ट बहुतेक इथे थांबते. पण शेठांनी नंतर त्या चोराला एकांतात खडसावलं आणि घालवून दिलं, रत्नही परत आलं. लोकांपुढे झाकलं, योग्य जागी मात्र सोडलं नाही. मला त्या गोष्टीतला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आणि जिथे बाईच्या अंगाशी, अब्रूशी कोणी खेळत असेल तिथे तर झाकणं हे उपगूहन नव्हेच. ‘त्या साहेबांच्या केबिनमध्ये एकटी जाऊ नकोस’ असं जुनी मुलगी नवीला हळूच सांगते, त्याला मी चहाडी म्हणणार नाही. ती जीव वाचवणारी गोष्ट आहे. फक्त ती कुजबूज म्हणूनच राहिली तर साहेब तसेच राहतात आणि मुली बदलत जातात. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ बाई असावी लागते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. आणि बघा, त्याच कायद्यात असंही आहे, की तक्रार करणारीचं नाव, पत्ता, चौकशीतला मजकूर बाहेर फोडता येत नाही. योग्य जागी बोलायची मुभा आणि इतर सगळीकडे गुप्तता. शेठांच्या गोष्टीपासून हे फार लांब नाही. ज्यांच्या घरी दहा माणसांच्या वरचा कारखाना आहे त्यांनी आज जेवताना एवढंच विचारावं, आपल्याकडे ही समिती आहे का?

तेव्हा मला फरक असा वाटतो. ही गोष्ट ऐकणारी व्यक्ती त्याबद्दल काही करू शकते का? करू शकत असेल, तर ती माहिती किंवा तक्रार आहे. काहीच करू शकत नसेल, फक्त ‘हो का गं!’ म्हणू शकत असेल, तर मग ते आपल्या तोंडाचं खाणं आहे. त्याला मौखर्य म्हणतात, तोही अनर्थदंडव्रताचा अतिचारच.

मुली विचारतात, की समोरची बोलायला लागली तर करायचं काय? उठून जावं तर शिष्ट म्हणतात. उपदेश तर अजिबात करू नका. ‘हे पाप आहे गं’ असं पँट्रीत म्हणणाऱ्या मुलीबद्दल दुसऱ्या दिवशी काय बोललं जाईल ते मी आत्ताच सांगते. सून दोन वाक्यं वापरते. एक, ‘मी तिथे नव्हते गं, मला माहीत नाही.’ दुसरं, ‘तिलाच विचारू या का?’ दुसऱ्याने विषय बहुतेक वेळा तिथेच संपतो. कधी ती फक्त नसलेल्या माणसाचं एक चांगलं काम मध्ये टाकते, ‘पण ती फाईल तिनेच वेळेत दिली म्हणून आपण सुटलो.’ असलेला गुण झाकू दिला नाही, बस. आणि ग्रुपवर काही आलं तर उत्तर द्यायचं नाही, हसणारं चित्रही टाकायचं नाही. बोललेलं विरून तरी जातं. लिहिलेलं दहा फोनांत राहतं आणि कोणी तरी त्याचा फोटो काढून ठेवतंच.

आपल्या आज्या जेवताना मौन पाळायच्या. मला लहानपणी ते जाचक वाटायचं. आता वाटतं, दिवसातली तेवढी अर्धी घटका तरी घरात कोणाचं नाव निघत नसे. सगळ्यांनी पुन्हा मौन पाळावं असं मी म्हणत नाही, आजकाल सगळे एकत्र जेवतात तोच एक वेळ बोलायचा असतो. पण ऑफिसातून आलेल्या मुलीला, सुनेला ‘कोण काय म्हणालं’ याऐवजी ‘आज काय काम केलंस’ असं विचारलं, तर तिला सांगायला खूप असतं. मला आता बग म्हणजे काय ते कळतं!

क्षमावाणीबद्दल एक. चहाडी केली असेल तर जिची केली तिची क्षमा मागावी का? मला वाटतं, तिला ते ठाऊकच नसेल, तर ‘मी तुझ्याबद्दल असं असं बोलले होते’ हे सांगून आपलं मन हलकं होतं आणि तिचं जड. त्यापेक्षा जिच्यापाशी बोललो तिच्याकडे परत जावं आणि सांगावं, की त्या दिवशी मी जे म्हटलं त्याला आधार नव्हता, ते पुढे नेऊ नकोस. हे फार अवघड आहे. दोनशे जणांना एकदम ‘उत्तम क्षमा’चा मेसेज पाठवणं त्यामानाने सोपं.

राहिली चौकशीची गोष्ट. आमच्या घरात धाकट्या दिराच्या मुलासाठी मागच्या वर्षी मुली बघितल्या. तेव्हा आम्ही जावांनी मिळून ठरवलं, की मुलीच्या ऑफिसात कोणाला फोन करायचा नाही. घराण्याबद्दल त्यांच्या गावच्या मंदिरात ओळखीच्या दोन वडीलधाऱ्यांना विचारायचं. आणि मुलीला जे विचारायचं ते तिला समोर बसवून तिलाच विचारायचं, तिनेही आमच्या मुलाला काय ते विचारायचं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, हे काय नवीनच. एका ठिकाणी तर मुलीकडच्यांनाच संशय आला, की हे लोक चौकशी का करत नाहीत, यांच्यातच काही लपवण्यासारखं आहे की काय!

मी वर लिहिलं त्या मुलीला आता दुसऱ्या एका बँकेत नोकरी मिळाली आहे, गाव बदलून. लग्नाचं तिच्या आईला मी विचारलेलं नाही. तिच्यासाठी तुमच्यापैकी कोणाकडे चांगलं घर असेल तर मला जरूर सांगा. माहिती हवी असेल तर तिचा फोन नंबर मी देईन, तिला विचारून.